ओल्या भिंतीवरचा रंग

नवे घर बांधून झाले, आतला गिलावा उरकला आणि आता रंग तेवढा राहिला, अशी अवस्था आली की घराशी संबंध असलेली सारी माणसे एका विचित्र घाईने पछाडली जातात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांपैकी एखादा मुहूर्त डोक्यावर येऊन ठेपलेला असतो. बिल्डरने ताब्याची तारीख दिलेली असते आणि ती बहुधा एकदा-दोनदा हुकलेलीही असते. गवंड्याची परांची उतरते न उतरते तोच रंगाऱ्याला बोलावणे जाते. भिंत अद्याप ओली असते. तळवा टेकवला तर गारवा लागतो, कोपऱ्यात आणि खिडकीखाली काळसर ओल स्पष्ट दिसते. तरीही तिच्यावर पुट्टी ओढली जाते, अस्तराचा हात दिला जातो, रंगाचे दोन हात दिले जातात, आणि मुहूर्ताच्या दिवशी भिंती आरशासारख्या चकाकतात. एक पावसाळा उलटतो. न्हाणीघराच्या पाठीमागची भिंत फुगते, पोपडे सुटतात, लोण्याचा पांढरा थर फुटून बाहेर येतो. मग गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत एकमताने निकाल दिला जातो की हल्लीचे रंगारी बेपर्वा आहेत, त्यांना काम येत नाही, आणि मालात भेसळ करून ते पैसे खातात.

हा निकाल फेरतपासणीस घेण्याजोगा आहे. भिंतीला पोपडे धरणे ही बाब क्षुल्लक वाटेल आणि पक्षाच्या साप्ताहिकाने तिच्यात कशाला लक्ष घालावे, असाही प्रश्न काही सभासद विचारतील. परंतु एका संपूर्ण धंद्याच्या रचनेतून निपजलेला दोष त्या रचनेतील सर्वांत शेवटच्या आणि सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावावर कसा चढवला जातो, हे पाहावयाचे असेल तर या भिंतीइतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

प्रथम भिंतीचे काय होते ते पाहू. सिमेंटचा गिलावा चिखल वाळतो तसा वाळून घट्ट होत नाही. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होऊन तो घट्ट होतो, आणि म्हणूनच त्याच्यावर किमान सात-आठ दिवस पाणी मारावे लागते. या संयोगात चुना मोकळा होतो आणि ताजी भिंत तीव्र अल्कधर्मी बनते. पाणी मारणे थांबले म्हणजे वाळण्याचे काम सुरू होते, संपत नाही. गिलाव्याच्या, त्यामागच्या विटांच्या आणि सांध्यांच्या पोटातले पाणी हळूहळू पृष्ठभागाकडे येते, आपल्याबरोबर क्षार आणते आणि हवेत निघून जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्या मोकळ्या चुन्यावर काम करून वरच्या थराची तीव्रता कमी करतो. या साऱ्याला काही आठवडे लागतात. २८ दिवस ही किमान मुदत धरण्याची रीत आहे. कोकणात किंवा मुंबईत आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत ती अर्थातच पुरत नाही, कारण जी हवा स्वतःच पाण्याने भरलेली आहे ती भिंतीतले पाणी काय शोषून घेणार? त्याआधी तेलरंग चढवला तर तेल आणि अल्क यांचा संयोग होऊन अक्षरशः साबण तयार होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. हल्लीचे प्लास्टिक रंग अल्काला पुष्कळ अंशी तोंड देतात, परंतु आत कोंडलेल्या पाण्याला आणि क्षारांना तेही थोपवू शकत नाहीत. प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारही बाजूंनी पट्टी लावून भिंतीवर एक दिवस चिकटवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूस दव दिसले, तर ती भिंत रंगासाठी तयार नाही. या परीक्षेला इंजिनियर लागत नाही आणि ती जवळपास फुकट आहे.

जुन्या पिढीतील रंगाऱ्यांना आणि घरमालकांना हे सारे रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते. नव्या घराला पहिले वर्ष नुसत्या चुन्याचे दोन हात द्यावयाचे, एक पावसाळा जाऊ द्यावयाचा आणि मग हवा तर तेलरंग किंवा डिस्टेंपर लावावयाचा, अशी रीत होती. चुना स्वतःच अल्कधर्मी असल्याने ताज्या गिलाव्याशी त्याचे भांडण नाही, आणि तो भिंतीतली वाफ अडवीत नाही. आज ही शहाणी रीत पाळतो तो बहुधा घरकुल योजनेतील गरीब लाभार्थी! अनुदानाचे पैसे जोत्यात आणि छतात संपलेले असतात, रंगासाठी काही उरत नाही, म्हणून तो चुन्याची पिशवी आणून घरच्या माणसांच्या हातांनी सफेदी करतो. त्याची भिंत चकाकत नाही, तथापि तिला पोपडेही धरत नाहीत.

जी रीत सर्वांना ठाऊक होती ती शहरातून नाहीशी का झाली, याचे उत्तर अभिरुचीत शोधण्यात अर्थ नाही. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा दुसरा खंड एंगल्सने १८८५ साली प्रसिद्ध केला. तो पहिल्या खंडाइतका वाचला जात नाही. अभ्यासवर्गांतूनही तो सहसा वगळलाच जातो. त्यात श्रमाचा काळ आणि उत्पादनाचा काळ यांतील फरकाची चर्चा आहे. काही वस्तूंच्या बाबतीत माणसाचा हात थांबतो आणि निसर्गाचे काम चालू राहते. द्राक्षरस आंबत राहतो, लाकूड वाळत राहते. या अवधीत श्रम होत नाहीत, म्हणून नवे मूल्यही निर्माण होत नाही, पण गुंतलेले भांडवल मात्र अडकून पडते. म्हणून हा अवधी तोडण्याची ओढ भांडवलाला सदैव असते. त्याच खंडात, एका बांधकाम व्यावसायिकाने १८५७ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दिलेल्या साक्षीचा आधार घेऊन, लंडनमधील घरे गिऱ्हाइकासाठी नव्हे तर सट्ट्यासाठी कशी बांधली जाऊ लागली होती, तेही सांगितले आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की ओल्या भिंतीचे कोडे उलगडते. वाळणारी भिंत म्हणजे बिल्डरच्या दृष्टीने व्याज खाणारी भिंत. चार आठवडे इमारतीत कोणी काम करीत नाही, तिथे काही ‘घडत’ नाही, आणि कर्जाचे मीटर मात्र चालू असते. आतल्या भिंतींना जिप्समचा गिलावा करण्याची जी पद्धत अलीकडे महानगरांत सर्वत्र पसरली, तिच्या लोकप्रियतेमागे गुळगुळीतपणा जितका आहे तितकेच हेही आहे की तिला पाणी मारावे लागत नाही आणि ती लवकर वाळते. तंत्र वाईट नाही. प्रश्न इतकाच की वाचलेल्या दिवसांचा वाटा कोणाच्या पदरात पडला? घराची किंमत त्यामुळे कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

येथे घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाचीही बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण घाई त्यालाही असते आणि ती हौसेची नसते. तो एकीकडे राहत्या खोलीचे भाडे भरतो आणि दुसरीकडे न मिळालेल्या घराच्या कर्जाचे व्याज. प्रत्येक महिना त्याला दोनदा मोजावा लागतो. अशा माणसाला ‘अजून महिनाभर थांबा, भिंत वाळू द्या’ असे सांगणे सोपे नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याला दोन चांगले हक्क दिले. ताबा देण्यास उशीर झाल्यास बिल्डरने व्याज द्यावयाचे, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात वा कारागिरीत दोष दाखवून दिल्यास तो तीस दिवसांत मोफत दुरुस्त करावयाचा. हे हक्क हवेच होते. परंतु कायद्याचा दाब वरून आला की तो खाली कोणावर जाऊन थांबतो, हे कायदा पाहत नाही. पाया खणताना गेलेले दोन महिने, परवानगीत अडकलेले तीन, सळई महाग म्हणून थांबलेला एक, या साऱ्यांची भरपाई अखेरच्या टप्प्यात करावयाची असते, आणि अखेरचा टप्पा म्हणजे रंग. सर्वांच्या विलंबाचे प्रायश्चित्त रंगारी आपल्या रात्रपाळीने घेतो. पुढे दोष निघाला तर पाच वर्षांची जबाबदारीही बिल्डर स्वतःकडे ठेवीत नाही. ठेकेदाराच्या बिलातून अनामत रक्कम अडवून ठेवली जाते, ठेकेदार मुकादमाची अडवतो आणि मुकादम रंगाऱ्याची मजुरी अडवतो.

ही मजुरी ठरते तीही फुटाच्या भावाने. बिल्डर एका ठेकेदारास काम देतो, तो दुसऱ्यास, दुसरा मुकादमास, आणि मुकादम सकाळी नाक्यावरून माणसे उचलतो. प्रत्येक पायरीवर फुटामागचा भाव उतरत जातो. या भावात वाट पाहण्याला किंमत नाही. ज्या रंगाऱ्याने भिंत ओली असल्याचे ओळखून ब्रश खाली ठेवला, त्याचा तो दिवस बुडाला. उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो. घासकाम नीट केले तर फूट कमी भरतात, अस्तर पुरते वाळू दिले तर फूट कमी भरतात, तिसरा हात दिला तर फूट वाढतच नाहीत. म्हणजे जे जे भिंतीच्या हिताचे ते ते रंगाऱ्याच्या पोटावर पाय देणारे, अशी ही व्यवस्था आहे. आणि मग त्याच रंगाऱ्याकडून सचोटीची अपेक्षा करण्यात येते. त्यातून तो उत्तर प्रदेशचा, बिहारचा किंवा बंगालचा असला तर त्याच्या भाषेवरून त्याची लायकी ठरविण्याचे राजकारणही तयारच असते. मराठवाड्यातून आलेल्या रंगाऱ्याला त्याच नाक्यावर त्याच फुटाचा तोच भाव मिळतो, ही गोष्ट त्या राजकारणाच्या सभांतून कधी सांगितली जात नाही.

भिंतीचे पोपडे डोळ्यांना दिसतात. रंगाऱ्याच्या फुप्फुसाचे दिसत नाहीत. पुट्टी वाळल्यावर काचकागदाने घासताना बंद खोलीत उडणारी धूळ, ताज्या गिलाव्याचे खरबरीत कण काढताना वाळूतून सुटणारी सिलिका, तेलरंगातील टर्पेंटाइनची वाफ, हे सारे तो तोंडाला रुमाल बांधून आत ओढीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसाय हाच कर्करोगकारक असल्याचा निर्णय १९८९ साली दिला आणि पुढे फेरतपासणीनंतर तो कायम केला. सिलिकेच्या धुळीबद्दल तिचा तसाच निर्णय १९९७ चा आहे. शिशाची कथा तर याहून लाजिरवाणी. फ्रान्समध्ये रंगारी संघटनांच्या चळवळीनंतर पांढऱ्या शिशाविरुद्धचा कायदा १९०९ साली झाला; घराच्या आतल्या रंगकामात पांढरे शिसे वापरण्यास बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ठराव १९२१ चा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि त्यानंतरच्या वर्षी १ नोव्हेंबरपासून अमलात आले. तोवर दारे-खिडक्यांना तेलरंग देणाऱ्या आणि जुना रंग खरवडणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या शिसे पोटात घेऊन गेल्या. त्यांची गणती कोणत्या खात्याने ठेवली?

या धंद्याचे इतके सूक्ष्म चित्रण करणारी कादंबरी एका रंगाऱ्यानेच लिहिलेली आहे, हे समाजवादी वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. डब्लिनमध्ये जन्मलेला रॉबर्ट नूनन हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज गावी घरे रंगविण्याचे आणि पाट्या लिहिण्याचे काम करी. रंगारी ज्या घोडीवर उभा राहून काम करतो तिच्या ‘ट्रेसल’ या इंग्रजी नावावरून त्याने ‘ट्रेसेल’ हे टोपणनाव घेतले. तो १९११ साली क्षयाने वारला. ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलान्थ्रॉपिस्ट्स’ ही त्याची कादंबरी १९१४ साली काटछाट करून छापली गेली आणि संपूर्ण स्वरूपात यावयास १९५५ साल उजाडले. तिच्यात बिलात लावलेले आणि भिंतीवर न दिलेले रंगाचे हात आहेत, पाळतीवर असलेला मुकादम आहे, आणि मालकाने जुना दोर बदलला नाही म्हणून शिडी अंगावर कोसळून मरणारा म्हातारा रंगारीही आहे. शीर्षकातील ‘दानशूर’ म्हणजे फाटक्या पाटलोणीतले ते कामगार, जे आपल्या श्रमाचा मोठा भाग मालकाला दान देऊन टाकतात आणि वर समाजवादाचीच थट्टा करतात. ट्रेसेल आपल्या सहकाऱ्यांवर पुष्कळ चिडतो, कित्येकदा अवाजवी चिडतो. पण त्यांच्या बेफिकीर कामाचा दोष तो त्यांच्या माथी मारीत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून कल्याण मंडळे स्थापन करण्याची सोय केली. महाराष्ट्रात असे मंडळ यावयास २०११ साल उजाडले. गोळा झालेल्या पैशाचे काय झाले, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात जे लिहिले ते कोणत्याही विरोधी पक्षाच्या भाषणाहून कडक आहे. हजारो कोटी रुपये पडून राहिले, ज्यांच्या नावाने ते जमले त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. नोंदणीची अट अशी की आदल्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरच्या रंगाऱ्याचे ते नव्वद दिवस तीस घरांत आणि दहा मुकादमांच्या हाताखाली भरलेले असतात. त्याला दाखला कोण देणार? तो देणारे दलाल मात्र लवकर निपजले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला. नव्वद दिवसांची अट तशीच राहिली. उपकराची आकारणी आता मालकाने स्वतःच स्वतःची करावयाची आहे. आणि स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधणाऱ्यास जी सूट पूर्वी दहा लाखांपर्यंतच्या खर्चास होती, ती पन्नास लाखांपर्यंत वाढली आहे. तालुक्याच्या गावी बांधली जाणारी बहुतेक स्वतंत्र घरे या सुटीत बसतील, म्हणजे त्यांत राबणारा रंगारी ओळखला जाणार नाही, इतकाच याचा व्यावहारिक अर्थ.

महाराष्ट्राला याहून चांगला मार्ग माहीत नाही असे नव्हे. तो महाराष्ट्रानेच शोधून काढलेला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने कायम मालक नसलेल्या ओझे वाहणाऱ्या कामगाराला मंडळाच्या नोंदवहीत आणले. मजुरी मंडळामार्फत द्यावयाची, तिच्यावर लेव्ही घ्यावयाची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, औषधोपचार चालवावयाचे, ही कल्पना हमालांच्या लढ्यातून आली. १९८१ साली तीच रचना सुरक्षा रक्षकांना लागू करण्यात आली. ज्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी राहताना पाहिली, त्यांना नाक्यावरील रंगाऱ्यासाठी असे मंडळ मागताना नव्याने काही शिकावयाचे नाही. रंगारी नाक्यावर नोंदलेला असावा, त्याला कामावर नेणाऱ्याने मंडळाकडून न्यावे, मजुरी रोजाने किंवा मंडळाने ठरविलेल्या दराने व्हावी आणि भिंत ओली म्हणून थांबविलेल्या कामाचा दिवस बुडीत धरला जाऊ नये. घरे महागतील, हा आक्षेप येईल. शहरातल्या घराच्या किमतीत जमीन, व्याज आणि नफा यांचा वाटा काय आणि आतल्या रंगाच्या मजुरीचा वाटा काय, हे आक्षेप घेणाऱ्याने एकदा आपल्या घराच्या हिशेबात मांडून पाहावे. दोन वर्षांत पोपडे काढून पुन्हा रंग देण्याचा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

एक अप्रिय गोष्ट येथे नोंदविणे भाग आहे. पक्षाचे कित्येक हितचिंतक आज स्वतः घरे बांधीत आहेत किंवा संस्थेत सदनिका घेत आहेत. संघटित कामगारांच्या वेतनवाढीवर पोटतिडिकेने बोलणारी ही मंडळी रंगाऱ्याशी फुटामागे दोन रुपयांची घासाघीस करतात, दसऱ्याआधी काम आटोपले नाही तर पैसे कापण्याची तंबी देतात आणि त्याला प्यायला पाणी वेगळ्या भांड्यातून देतात. यांतले पहिले दोन अर्थव्यवस्थेने शिकविले असे म्हणता येईल. तिसऱ्याला तीही सबब नाही.

मंडळाची मागणी विधिमंडळात केव्हा पोहोचेल ते पोहोचो, तालुका समित्यांना तोवर करण्याजोगे काम नाक्यावर पडले आहे. पावसाळा संपता संपता रंगाच्या कामांची झुंबड उडते आणि तेव्हाच नाक्यावर सर्वांत जास्त माणसे असतात. ज्या ज्या घरी काम केले त्या घरमालकाची सही, तारीख आणि दिवस अशी साधी वही प्रत्येक रंगाऱ्याजवळ असली तर नव्वद दिवसांचा पुरावा त्याच्या स्वतःच्या हातात राहील आणि दलालाकडे जाण्याची पाळी येणार नाही. हितचिंतकांच्या घरांपासून या सह्या गोळा करण्यास प्रारंभ करता येईल. ठेकेदाराशी करावयाच्या लेखी करारात गिलाव्यानंतर किती दिवस थांबावयाचे, त्या दिवसांचा भार कोणी सोसावयाचा आणि मजुरी किती दिवसांत चुकती करावयाची, ही तीन कलमे घालण्याचा आग्रह गृहनिर्माण संस्थांतील सभासदांनी धरावा. ती वही आणि ती कलमे यांचा मसुदा जिल्हा कचेऱ्यांनी भाद्रपद संपण्यापूर्वी छापून घ्यावा, कारण दसऱ्याच्या आठवड्यात कोणाला वाचावयास वेळ नसतो.